डिस्क वाचत नाही? दुसरं सॉफ्टवेअर नको, दुसरा ड्राइव्ह आणा

पत्र : कपाट आवरताना तीन जुन्या डिस्क निघाल्या. पहिली २००७ साली बर्न केलेली डीव्हीडी, तिच्यात घरच्या फोटोंचे ४.३ जीबी आहेत. कॉपी निम्म्याच्या थोडी पुढे गेली की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ अशी एरर येते आणि सगळं थांबतं. दुसरी सीडी, तिच्यात माझ्या प्रबंधाचे मसुदे आणि नोंदी, वेगवेगळ्या दिवशी थोड्याथोड्या चढवलेल्या. वर कागदी लेबल आहे, ते एका कडेनं उचललंय. विंडोज म्हणतं डिस्क कोरी आहे आणि तिचा वापर कसा करणार असं विचारतं. तिसरी कॅमकॉर्डरची छोटी, आठ सेंटिमीटरची डीव्हीडी. कॅमेऱ्यात चालायची, कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. पाच रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरून झाली. कुणी टूथपेस्ट लाव म्हणतं, कुणी फ्रीजरमध्ये ठेव. काय करू?

उत्तर :

नमस्कार,

फ्रीजर पहिल्यांदा विसरा. तो तोडगा मुळात हार्ड डिस्कसाठी सांगितला जायचा आणि तिथेही त्यानं भलं कमी, नुकसानच जास्त केलं. सीडी-डीव्हीडीला थंडीनं काडीचाही फायदा नाही, उलट बाहेर काढल्यावर तिच्यावर बाष्प धरतं. टूथपेस्टचं शेवटी सांगतो, कारण तिची पाळी शेवटीच येते.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. हार्ड डिस्क बिघडली की ती चालू ठेवण्याचं प्रत्येक मिनिट महागात पडतं. इथे तसं नाही. ऑप्टिकल डिस्कवर फक्त प्रकाश पडतो, वाचणारा भाग तिला टेकत नाही. तडा गेलेली किंवा थर सुटलेली डिस्क सोडली तर चाळीस वेळा वाचून पाहिलंत तरी ती त्यामुळे आणखी खराब होत नाही. म्हणजे घाई नाही. दुसरं असं की, ‘वाचता येत नाही’ असं ज्या सेक्टरबद्दल (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्याबद्दल) कॉम्प्युटर सांगतो, तो मेलेलाच असतो असं नाही. ह्या ड्राइव्हला, ह्या वेगानं, ह्या खेपेला तो वाचता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही सॉफ्टवेअर पाच बदललीत आणि ड्राइव्ह बहुधा एकच ठेवलात. पाचही सॉफ्टवेअर त्याच एका लेन्समधून बघत होती. लेन्सवरची धूळ, म्हातारा झालेला लेझर, फोकस सावरण्याची यंत्रणा, फर्मवेअरची (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरची) चिकाटी, ह्या सगळ्यांत ड्राइव्ह-ड्राइव्हमध्ये फरक असतो. एकाला न दिसलेला सेक्टर दुसरा सहज वाचून देतो, आणि त्याला जो अडतो तो कधीकधी पहिल्याला वाचता येतो.

तेव्हा आधी दोन-तीन ड्राइव्ह गोळा करा. लॅपटॉपच्या चपट्या ड्राइव्हपेक्षा डेस्कटॉपमधला पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सहसा सरस ठरतो. डिस्क ज्यावर बर्न केली होती तो जुना रायटर अजून कुठे पडून असेल तर तोही आणा. यूएसबीवरचा चपटा ड्राइव्ह वापरणार असाल तर त्याला हबवरून नव्हे, थेट कॉम्प्युटरच्या पोर्टवरून जोडा, दोन यूएसबी टोकांची केबल असेल तर दोन्ही टोकं लावा. जुन्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात आणि मोटर वेग पकडताना त्याहून जास्त मागते. मग ड्राइव्ह मध्येच गळपटतो, आणि दोष डिस्कच्या माथी बसतो.

आता डिस्क हातात घ्या, कडेला धरून. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे ह्या तीनही प्रकारांत माहितीचा थर वेगळ्या जागी असतो, आणि काय करायचं, काय टाळायचं हे त्यावरच ठरतं. सीडी १.२ मिलिमीटर जाड. तिचं जवळजवळ सगळं प्लॅस्टिक वाचायच्या बाजूला असतं आणि माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ लेपाआड. म्हणून सीडीच्या छापील बाजूवरचा चरा खालच्या चऱ्यापेक्षा घातक. खालच्या बाजूचं प्लॅस्टिक घासून सपाट करता येतं, वरचा थर निघाला की त्याबरोबर माहितीच गेली. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, माहिती मध्ये. ब्लू-रेमध्ये माहिती वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर, म्हणून ब्लू-रेला कुठलंही पॉलिश कधीही लावायचं नाही.

सीडीची छापील बाजू दिव्याकडे करून खालून बघा. सुईच्या टोकाएवढे लख्ख ठिपके दिसले तर तिथला चमकता थर उडालाय. तिथे वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. मात्र ठिपका बारीक असेल तर सीडीची स्वतःची चूक-दुरुस्ती त्याला पचवते. ती सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट भरून काढू शकते. ‘सलग’ म्हणजे ट्रॅकच्या दिशेनं, आणि ट्रॅक वर्तुळाकार फिरतो. केंद्रातून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक फेऱ्याला थोडासाच कापतो, तो निभावतो. गोल गेलेला चरा एकाच फेऱ्याचा मोठा लचका तोडतो. पुसतानाही हेच ध्यानात ठेवायचं : केंद्राकडून कडेकडे, सरळ रेषेत, गोल कधीच नाही.

धुवायचं ते कोमट पाण्यानं, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब घालून, बोटांच्या पेरांनी. मग साधं पाणी आणि मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड. टिश्यू पेपर नको, त्यानं बारीक चरे पडतात. प्लॅस्टिकच्या पाकिटांत वर्षानुवर्षं राहिलेल्या डिस्कवर तेलकट धुरकट डाग धरतो, तो पाण्यानं निघाला नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कापडावर घेऊन. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल ह्यांपैकी काही लावलं तर डिस्कचं प्लॅस्टिक (पॉलिकार्बोनेट) दुधाळ होतं, ते पुन्हा पारदर्शक होत नाही. तुमच्या लेबलवाल्या सीडीला मात्र पाण्यात बुडवू नका, तिची खालची बाजू ओलसर कापडानं पुसा.

एवढ्यानं बऱ्याच ‘खराब’ डिस्क उठून बसतात. तुमची डीव्हीडी बसेलच असं सांगत नाही. डिस्क केंद्राकडून बाहेर वाचली जाते, म्हणजे निम्म्यानंतरच्या फाइली बाहेरच्या कडेकडे, जिथे बोटांचे ठसे जास्त आणि दोन चकत्यांचा जोडही तिथूनच सुटायला लागतो. कडेला आत शिरलेला धुरकट पट्टा दिसतोय का बघा. दिसत असेल तर पुसून फरक पडणार नाही, पण ड्राइव्ह बदलून पडू शकतो.

आता मुख्य काम. फाइली कॉपी करणं थांबवा. एक्सप्लोररमधून कॉपी करताना एका सेक्टरला अडखळलं की अख्खी फाइल टाकली जाते, आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. त्याऐवजी पूर्ण डिस्कची इमेज घ्यायची, म्हणजे सेक्टर नंबर शून्यापासून शेवटापर्यंतची एक सलग फाइल. जे वाचलं ते तिच्यात, जे वाचलं नाही तिथे रिकामी जागा, आणि सोबत एक छोटी मॅप फाइल : कुठले सेक्टर आले, कुठले राहिले. दुसरा ड्राइव्ह जोडला की फक्त राहिलेले मागायचे. दोन ड्राइव्हनी मिळून एक इमेज पुरी करायची.

ह्यासाठी सगळ्यात भरवशाचं साधन जीएनयू डीडीरेस्क्यू, फुकट, लिनक्सवर चालणारं. घरी विंडोज असेल तर पेन ड्राइव्हवरून उबंटू ‘ट्राय’ पद्धतीनं चालू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही. पॅकेज शोधताना नावाकडे लक्ष द्या. उबंटूत पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे, पुढे ‘जी’, कमांड (टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायची सूचना) मात्र बिनजीची. जवळजवळ त्याच नावाचं, मध्ये अंडरस्कोर असलेलं वेगळं साधनही आहे, त्याचे पर्याय वेगळे. इथे दोन खड्डे आहेत. पेन ड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्सचा डेस्कटॉप रॅममध्ये असतो. तिथे इमेज ठेवलीत तर मेमरी भरेल, आणि बंद केलंत की सगळं गेलं. इमेज हार्ड डिस्कवर किंवा बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा. आणि तो बाहेरचा ड्राइव्ह फॅट-३२ नसावा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तुमची इमेज ४.३ जीबीची होणार. एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालेल.

पहिली फेरी : डीडीरेस्क्यूला छोटं ‘एन’ आणि छोटं ‘बी’ २०४८ हे पर्याय, मग ड्राइव्हचं नाव (बहुधा ‘एसआर’ शून्य), इमेजचं नाव, मॅपचं नाव, ह्याच क्रमानं. ‘बी’ २०४८ म्हणजे सेक्टरचा आकार. डेटा सीडी-डीव्हीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो, आणि हा पर्याय विसरला तर ते ५१२ बाइटच्या हिशेबानं एकेका सेक्टरवर चारचारदा डोकं आपटतं. ‘एन’ म्हणजे अवघड जागा खरवडत बसू नकोस, सोपं ते आधी उचल. मॅपचं नाव सक्तीचं नाही, पण ते दिलं नाही तर सगळी कसरत वाया. दुसरी फेरी : ‘एन’ काढून छोटं ‘डी’ आणि छोटं ‘आर’ १ घाला. ‘डी’मुळे सिस्टिमचा कॅश (तात्पुरता साठा) वगळून थेट ड्राइव्हशी बोलणं होतं, ‘आर’ १ म्हणजे राहिलेल्यांवर आणखी एक प्रयत्न. मग डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, तीच कमांड, तीच इमेज, तोच मॅप, ड्राइव्हचं नाव तेवढं बदलून. एखादा भाग सुरुवातीच्या बाजूनं वाचत नसेल तर मोठं ‘आर’ द्या, त्यानं उलट दिशेनं वाचतं. खराब पट्ट्याच्या पलीकडून शिरल्यावर कधीकधी आणखी बरंच हाती लागतं.

मध्येच थांबवायचं असेल तर कंट्रोल-सी. काही हरवत नाही, पुन्हा तीच कमांड दिली की पुढून सुरू. एक चूक मात्र करू नका : एका डिस्कचा मॅप आणि इमेज दुसऱ्या डिस्कला. तीन डिस्क आहेत, तर तीन फोल्डर करा आणि डिस्कवरचं नाव फोल्डरला द्या. रात्री अकरा वाजता चुकीची डिस्क घातली तर दोन डिस्कचं कडबोळं एका इमेजमध्ये होतं, आणि ते सोडवता येत नाही.

वेगाबद्दल : ड्राइव्हला हळू चालवलं तर बऱ्याचदा जास्त वाचतो, विशेषतः डिस्क किंचित वाकलेली असली की. लिनक्सवर ‘इजेक्ट’ कमांडला छोटं ‘एक्स’ आणि आकडा देऊन वेग बांधता येतो. डीव्हीडीला ४, सीडीला ८ पासून सुरू करा. त्याखाली उतरलं म्हणजे आणखी चांगलं होतंच असं नाही, काही ड्राइव्ह मुळात तेवढे हळू चालतच नाहीत.

वेळेचा अंदाज बांधून ठेवा, नाहीतर कंटाळून मध्येच सोडाल. डीव्हीडी माहिती १६-१६ सेक्टरांच्या गठ्ठ्यात दुरुस्त करते, ३२ केबीचा एक गठ्ठा. दुरुस्ती जमली नाही तर अख्खा गठ्ठा जातो, म्हणून मॅपमध्ये खराब सेक्टर बहुतेक सोळाच्या पटीत दिसतील. समजा ४० गठ्ठे अडले : ६४० सेक्टर. ड्राइव्ह एकेका सेक्टरवर १५ सेकंद झगडला तर एका फेरीला २ तास ४० मिनिटं. संध्याकाळी लावून झोपा. आणि ४० गठ्ठे अखेरपर्यंत आलेच नाहीत तरी ते जेमतेम १.३ एमबी. तीन एमबीचा एक फोटो धरला तर ४.३ जीबीत चौदाशेच्या आसपास फोटो, त्यांतले फार तर चाळीसेक दुखावलेले.

विंडोज सोडायचंच नसेल तर आयसोबस्टर हे जुनं आणि जाणतं साधन आहे. काही सुविधा पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, पण अर्धवट इमेज ठेवून ती दुसऱ्या ड्राइव्हनं पुरी करायची सोय त्यात आहे. फाइल-फाइल कॉपी करून मधली भोकं शून्यांनी भरणारी सॉफ्टवेअर एखाद-दुसऱ्या फाइलीपुरती ठीक. दोन ड्राइव्हचं वाचन एकत्र करणं त्यांना जमत नाही.

इमेज हाती आली की डिस्क पाकिटात परत, पुढचं सगळं इमेजच्या प्रतीवर. विंडोजच्या हल्लीच्या आवृत्त्यांत ‘आयएसओ’नं नाव संपणाऱ्या इमेज फाइलवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. उघडली नाही तर सेव्हन-झिपनं उघडून पाहा, ते जास्त सहनशील आहे. आता प्रश्न हा की, नेमक्या कुठल्या फाइली दुखावल्या? चौदाशे फोटो डोळ्यांनी तपासत बसू नका. डीडीरेस्क्यूला ‘फिल’ मोड आहे. इमेजच्या प्रतीवर तो चालवून फक्त खराब सेक्टरांत एखादा खुणेचा शब्द भरायचा, असा की जो फोटोत किंवा मजकुरात सहसा सापडणार नाही. मग प्रतीतल्या सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडला त्या फाइली जखमी, बाकीच्या धडधाकट. मूळ इमेजला हात लावू नका, तिला अजून तिसरा ड्राइव्ह भेटायचा आहे.

जखमी जेपीजीमध्ये खोट जिथे असते तिथून खाली चित्र करडं होतं किंवा रंग घसरतात. वरचा भाग शाबूत असतो, तो कापून ठेवता येतो. खोट अगदी सुरुवातीला असेल तर फोटो उघडतच नाही. तेव्हा त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर काढलेल्या दुसऱ्या फोटोचा सुरुवातीचा भाग त्याला जोडणारी दुरुस्तीची साधनं मिळतात. त्यांचा भरवसा मात्र बेताचाच.

आता सीडी. ‘डिस्कचा वापर कसा करणार’ ह्या खिडकीत रद्द म्हणा, दर वेळी. लिहिलेल्या सीडी-आरवरचं पुसलं जात नाही हे खरं, पण डिस्क बंद केलेली नसेल तर विंडोज तिच्यावर नवं सेशन (एका खेपेला लिहिलेला भाग) चढवेल आणि जुनं नजरेआड होईल. आरडब्ल्यू, म्हणजे पुन्हा लिहिता येणारी, असेल तर खरोखरच पुसलं जाईल. कोरी दिसण्याचं कारण बहुधा असं की, ड्राइव्हला केंद्राजवळची अनुक्रमणिका वाचता येत नाही. तेवढा भाग खराब असला तरी बाकीची डिस्क शाबूत असू शकते. इथेही उपाय तोच, ड्राइव्ह बदला. लिनक्समध्ये डिस्कचा आकार शून्य दिसत असेल तर डीडीरेस्क्यू चालवण्यात अर्थ नाही. आकार दाखवणारा ड्राइव्ह सापडेपर्यंत शोधत राहा.

लेबल ओढून काढू नका. कागदाच्या गोंदाला लाख, लाखेला चमकता थर, असं सगळं एकमेकांना धरून आहे. कागद आला की चांदी आणि तिच्याबरोबर तुमचा प्रबंध आला. उचललेला कोपरा लोंबत असेल तर सुटलेला तेवढाच भाग बारीक कात्रीनं छाटा, म्हणजे तो फिरताना ड्राइव्हमध्ये अडकणार नाही. कोपऱ्याच्या पाठीला चांदी चिकटलेली दिसली तर तिथलं गेलं, पण तेवढंच. लेबलमुळे वजन एकीकडे झुकतं आणि डिस्क थरथरते, म्हणून ही सीडी सुरुवातीपासून कमी वेगानं.

ह्या सीडीवर वेगवेगळ्या दिवशी माहिती चढवली आहे, म्हणजे ती बहुसेशनी आहे, आणि तिथे इमेज बघून लोक दोनदा फसतात. पहिलं असं की, दोन सेशनच्या मध्ये मोकळा पट्टा असतो. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये ११,४०० सेक्टर, म्हणजे सुमारे २३ एमबी, पुढच्या प्रत्येक जोडीमध्ये ६,९०० सेक्टर. तो पट्टा वाचत नाही, कारण तिथे माहिती नाहीच. मॅपमध्ये बरोबर एवढ्या रुंदीचं खिंडार दिसलं तर ते नुकसान नव्हे, त्यावर रात्र घालवू नका. ट्रॅकच्या अगदी शेवटचे दोन सेक्टरही पुष्कळदा वाचत नाहीत. ती बर्न करण्याच्या पद्धतीतली खूण आहे, फाइलीचा भाग नाही. दुसरं असं की, डिस्क ड्राइव्हमध्ये असताना कॉम्प्युटर शेवटचं सेशन उघडतो, पण इमेज उघडली की पहिलं. म्हणून मसुद्यांतला सगळ्यात जुनाच तेवढा दिसला तर हातपाय गाळू नका. डिस्क आत असतानाच ‘वोडिम’ कमांडला ‘टीओसी’ पर्याय देऊन प्रत्येक ट्रॅक कुठल्या सेक्टरला सुरू होतो ते लिहून घ्या, आणि लिनक्सवर इमेज माउंट करताना (ड्राइव्हसारखी जोडताना) ‘एसबीसेक्टर’ पर्यायात शेवटच्या सेशनचा तो आकडा द्या. आयसोबस्टर हेच सेशनवार वेगवेगळं दाखवतं. उलटही करून बघा : शेवटच्या सेशनची अनुक्रमणिका फाटली असेल तर आधीच्या सेशनमधून बहुतेक फाइली दिसतात.

बर्न केलेल्या सीडीवर पुष्कळदा फाइलींच्या नावांच्या दोन अनुक्रमणिका असतात. एक जुन्या पद्धतीची आखूड नावांची आणि एक जॉलिएट, लांब नावांची. एक खराब असेल तर दुसरीवरून आत शिरता येतं, लिनक्सवर ‘नो-जॉलिएट’ पर्याय देऊन. फाइलींना देवनागरीत नावं दिली असतील तर ती जॉलिएटमध्येच सापडतील. आखूड नावांच्या यादीत त्यांच्या जागी बहुधा नुसत्या आडव्या रेघा दिसतील.

दोन्ही अनुक्रमणिका गेल्या तरी ह्या डिस्कची एक गोष्ट हार्ड डिस्कपेक्षा बरी आहे. इथे फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरलेली नसते, सलग लिहिलेली असते. म्हणून फोटोरेक हे साधन इमेजवर चालवलं तर ते प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ओळखून तिथून पुढचा भाग उचलतं, आणि उचललेली फाइल सहसा पूर्ण असते. नाव फोटोरेक असलं तरी ते वर्डच्या फाइलीही शोधतं. मूळ नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, त्यामुळे मसुदा कितवा हे आतला मजकूर वाचूनच ठरवावं लागेल. वर्डची फाइल उघडत नसेल तर उघडण्याच्या खिडकीतला ‘ओपन अँड रिपेअर’ वापरा. ती नव्या, डॉकएक्स प्रकारची असेल तर मुळात झिप आहे. सेव्हन-झिपनं उघडून ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ फाइल काढा, चित्रं गेली तरी मजकूर त्यात असतो.

तिसरी, कॅमकॉर्डरची. ती बिघडलेली नसून फायनलाइज केलेली (लिहिणं संपवून बंद केलेली) नसण्याची शक्यता जास्त. रेकॉर्डिंग संपल्यावर ‘फायनलाइज’ केलं नाही तर कॅमेऱ्याला ती कळते, इतरांना नाही. आठ सेंटिमीटरची डिस्क फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, ती आत अडकते. ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्येच, मधल्या छोट्या खोबणीत बरोबर बसवून. आधी आयसोबस्टरनं वाचून पाहा, फायनलाइज न केलेल्या डिस्कमधलं व्हिडिओ रेकॉर्डिंग ते ओळखतं. नाहीच दिसलं तर तोच कॅमेरा, किंवा त्याच मॉडेलचा दुसरा, शोधून त्यात फायनलाइज करा, बॅटरीवर नव्हे, अडॅप्टर लावून आणि टेबलावर स्थिर ठेवून. फायनलाइज म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि ते मागे घेता येत नाही, म्हणून हा नंबर दोनचा उपाय. डिस्कवर खोल चरे असतील तर तो टाळा. फायनलाइज करण्याआधी कॅमेऱ्यातच ती चालवून एव्ही केबलनं दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड करून घ्या. दर्जा थोडा उतरेल, पण चित्रण हाती राहील.

आणि टूथपेस्ट. ती बारीक पावडर असलेलं पॉलिश आहे, बाकी काही नाही. पांढऱ्या पेस्टमध्ये ती पावडर असते, जेलवर अवलंबून राहू नका. पॉलिशची वेळ तेव्हा येते, जेव्हा दोन-तीन ड्राइव्हनी इमेज घेऊन झाली आहे, काही सेक्टर अजून बाकी आहेत, आणि मॅपमध्ये ते जिथे आहेत तिथेच डिस्कच्या खालच्या बाजूला चरा दिसतोय. नख फिरवून पाहा. नख अडकत नसेल तर चरा उथळ, पॉलिशनं भागेल. अडकत असेल तर घासून निघणार नाही, त्यापेक्षा गाडीचं द्रव मेण त्यात भरून, वरचं पुसून एकदा वाचून पाहा. घासायचं पुन्हा केंद्राकडून कडेकडे, हलक्या हातानं, मग धुवायचं, पूर्ण वाळवायचं, आणि त्याच मॅपवर पुढची फेरी. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर आधी वाचता येणारे सेक्टरही नव्या ओरखड्यांखाली गेले असते. सीडीच्या लेबलच्या बाजूला पॉलिशचं बोटही लावू नका.

मधल्या भोकापासून तडा निघाला असेल आणि तो पारदर्शक कड्याच्या पुढे, चमकत्या भागात शिरला असेल, तर ती डिस्क कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ एक्सच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. तडा तेवढ्यात आरपार जातो आणि डिस्क ड्राइव्हच्या आत फुटते. अशी डिस्क कडक डबीत घालून ऑप्टिकल डिस्कचं काम करणाऱ्या रिकव्हरी लॅबकडेच द्यायची. देताना ‘आयुष्यभराच्या आठवणी’ असं मोघम सांगू नका. हव्या त्या फाइलींची नावं, प्रकार आणि साधारण तारखा लिहून द्या, आणि काही इमेज आधी निघाली असेल तर तिची प्रत आणि मॅपही.

सुटका झालेल्या फाइली दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, त्यांतला एक घराबाहेर, आणि प्रत्येक फाइलीचा शा-२५६ चेकसम (फाइलीतल्या माहितीवरून निघणारा ओळखीचा आकडा) काढून सोबत ठेवा, म्हणजे पुढे प्रत खराब झाली तर कळेल. मूळ डिस्क, अर्धवट इमेज आणि मॅप तिन्ही जपा. वर्षभरानं कुणाकडे वेगळा ड्राइव्ह दिसला तर राहिलेले सेक्टर त्याला पुन्हा मागता येतात, तीच कमांड देऊन.